चुलबंदच्या काठचे पोस्टमास्तर

लांजेवार मास्तर थैलीला लाख लावण्याआधी नदीवर जाऊन यायचे. नदीपलीकडच्या टोली गावाची डाक थैलीत भरून व्हायची, तोंडाला दोरी आवळली जायची, मेणबत्तीवर लाख पाघळायला लागायची, आणि नेमकं तेव्हाच मास्तर खुर्ची मागे सारून उठायचे. ‘‘आलोच,’’ म्हणायचे. चपला पोस्टाच्या पायरीशी काढून अनवाणी निघायचे. चुलबंदचा घाट पोस्टापासून हाकेच्या अंतरावर होता. तिथे पायजमा वर धरून पाण्यात पाऊल टाकायचे, थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि परत येऊन ओल्या पायांनी खुर्चीवर बसायचे. मग शिक्का.

मी तिथे रुजू झाले ती ऐन उन्हाळ्यात. नदीत वाळूच जास्त होती, बैलगाड्या सरळ पात्रातून जात. तरी मास्तर जाऊन आले. मला हसू आलं. विचारलं, ‘‘मास्तर, मे महिन्यात काय पाहून आलात?’’

‘‘पाणी.’’

‘‘पण पाणी आहेच कुठं?’’

‘‘नाही, हेच पाहून आलो ना बेटा,’’ ते म्हणाले आणि शिक्का लाखेवर दाबला. ते हसत नव्हते. मग मलाही हसता येईना.

गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत. लाखांदूरकडे जाणाऱ्या एसटीच्या रस्त्यावरचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं मोठं गाव, एवढं पुरे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझे वडील जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. केंद्र सरकारची नोकरी म्हणजे भोंगा, कारखान्याची बस आणि पांढरे रंगवलेले दगड, अशी माझी समजूत. मला मिळालेलं केंद्र सरकार मात्र कौलारू होतं. एक मास्तर, एक पोस्टमन आणि आता मी, एवढाच कारभार. आसपासच्या गावांची छोटी पोस्टं आमच्या हाताखाली होती. त्यातलंच एक नदीपलीकडचं टोलीचं. शाळेच्या गुरुजींच्या ओसरीवर ते चालायचं. सकाळी तिकडची थैली घेऊन रनर नदी ओलांडून यायचा, दुपारी इकडची घेऊन परत जायचा. उन्हाळ्यात पायी, पावसाळ्यात डोंग्यानं, म्हणजे लहान होडीनं.

मास्तरांच्या घरामागची खोली मला मिळाली. जेवण त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडेच. पहिल्याच आठवड्यात जेवताना मास्तरांनी विचारलं, ‘‘सरकार पोस्ट काहून चालवते, सांग बरं?’’

मी परीक्षा पास होऊन आलेली. म्हटलं, ‘‘जनतेच्या सोयीसाठी.’’

‘‘सोय तं दुकानदारही करते. दुकानदार टोलीले जाईन का? दोन कार्डांसाठी नदी उतरंन का कोणी? नाही उतरत. इथून भंडाऱ्याले जे तिकीट लागते तेच काश्मीरले लागते. पलीकडं टोलीत जायचं तरी तेच. काहून? कारण की सरकारनं एक बात कबूल केली. तू कुठंही राहा, तुले कोणी हाक मारली तं ते हाक आम्ही तुह्यापर्यंत आणून देऊ. परवडो की ना परवडो.’’ त्यांनी हातातला घास पानात ठेवला. ‘‘आता ते हाक पोचवाले जो माणूस जाते, त्याचं कबूल कोण करते, ते कुठं लिहून नाही.’’

काकूंनी न विचारता त्यांच्या पानात भात वाढला. मला वाटलं, मास्तर विचारी गृहस्थ आहेत. त्यापलीकडे काही कळलं नाही.

दिसायला ते अगदी साधे. उंच, किंचित वाकलेले, शाईचा डाग पडलेला सदरा. कामाला चोख. निरक्षर माणसाचं कार्ड लिहून देताना त्याचेच शब्द लिहायचे. एकदा एका म्हातारीने मुलाला ‘‘तू मेला का जिता हायेस’’ असं लिहायला सांगितलं. मी ते ‘तुझी खुशाली कळव’ असं केलं. मास्तरांनी कार्ड फाडून दुसरं लिहिलं. म्हणाले, ‘‘पोराले मायचा आवाज ऐकू आला पाह्यजे. तुह्या आवाजाचं तो काय करंन?’’

पण अधूनमधून काम करता करता ते थांबायचे. शिक्का हवेतच राहायचा. मान घाटाच्या बाजूला वळायची. ‘‘कोणी हाक मारली का?’’ मी कान द्यायची. कावळे, चक्कीचा आवाज, बांधीतून कोणी बैलांवर ओरडत असेल. ‘‘नाही मास्तर.’’ ते मान हलवायचे आणि शिक्का मारायचे. पावसाळा लागला तसं हे वाढलं. सांजवेळी अंगणात बसलेले असत आणि एकदम उठून फाटकापर्यंत जात. तिथे कोणी नसे. परत येऊन बसत. घरात मासोळी शिजत नव्हती. त्या मुलखात तळ्याची आणि नदीची मासोळी कोणत्या घरात शिजत नाही?

शेवटी मी काकूंनाच विचारलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

‘‘तुले कोणी सांगतलं नाही?’’ त्या म्हणाल्या. ‘‘बरं झालं. मीच सांगतो.’’ तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात.

मी येण्याच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. टोलीच्या थैलीचा रनर तेव्हा सुखदेव दिघोरे होता. ढिवराचा, पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासे धरणाऱ्या घरातला. हसरा माणूस. पलीकडच्या काठाला डोंगा बांधला की तिथूनच ‘‘ओऽऽ मास्तर, पोचलो!’’ अशी हाक द्यायचा, आणि मास्तर पोस्टाच्या दारातून हात हलवायचे. त्या दिवशी पाणी चढत होतं. सुखदेव थैली घ्यायला आला आणि दारातच घुटमळला. ‘‘मास्तर, आज ठेवू का थैली? उद्या नेतो.’’ दुसऱ्या दिवशी तपासणीला इन्स्पेक्टर यायचे होते. डाक अडली तर कारण लिहून द्यावं लागे, आणि मास्तरांच्या नोकरीत तोवर एकदाही डाक अडली नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता. ते हसत म्हणाले, ‘‘सुखदेव, ढिवर असून तुले पाण्याचं भेव वाटते का रे?’’

सुखदेव हसला नाही. थैली खांद्याला लावली आणि गेला.

मास्तर दारात उभे राहिले. हाक काही आली नाही.

थैली सापडली. खाली बेशरमाच्या झुडपात अडकली होती. डोंगा त्याहून पुढे. सुखदेव सापडला नाही. टोलीतल्या सगळ्यांनी नदी पिंजली, पार वैनगंगेच्या संगमापर्यंत लोक जाऊन आले. मास्तरांनी भिजलेली पत्रं आपल्या बाजेवर पसरून वाळवली आणि पाणी ओसरल्यावर स्वतः टोलीत नेऊन घरोघर दिली. त्यांना कोणी काही बोललं नाही. सुखदेवच्या घरी त्याच्या बायकोने, पार्बताने, पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘‘ते पाणी प्याले,’’ काकू म्हणाल्या, ‘‘घरी आले आणि ओकले. तवापासून असे हायेत. मयत पाहिलं असतं तं रडून मोकळे झाले असते. पाहिलंच नाही ना. त्याइच्यासाठी तो अजून नदीतच हाय.’’

ते ‘भेव वाटते का रे’ काकूंशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं त्यांनी मला बजावलं.

सुखदेवच्या जागी बदलीवर एक माणूस काम करत होता. तो तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला निघून गेला आणि जागा रिकामी झाली. दुसऱ्याच दिवशी एक बाई पोस्टाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. काळीसावळी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. डोंगा स्वतः हाकत आली होती. मी ओळखत नव्हते, पण मास्तरांच्या हातातला पेन खाली पडला तेव्हा ओळखलं.

‘‘ते काम माह्या घरच्याचं होतं,’’ पार्बता म्हणाली. ‘‘मले द्या. मी नेतो थैली.’’

‘‘नाही,’’ मास्तर म्हणाले.

‘‘काहून?’’

‘‘बाईमाणसाचं काम नोहे ते.’’

‘‘मी सात वर्साची होती तवापासून डोंगा चालवतो. तुम्ही चालवता का?’’

मास्तरांनी तिच्या दोन लेकरांची चौकशी केली. दुसरं काही काम मिळवून देतो म्हणाले. शाळेत पाणी भरायचं, कुठे स्वयंपाकाचं. ती ऐकून घेऊन गेली आणि पुढच्या तपासणीला थेट इन्स्पेक्टरसाहेबांसमोर उभी राहिली. साहेब भला माणूस. कामावर असताना मेलेल्याच्या बायकोला जागा द्यायची, यात त्यांना विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. कागद झाले. दर दुपारी लांजेवार मास्तर आपल्या हाताने सुखदेवच्या बायकोला थैली देऊ लागले.

ते पाहणं सोपं नव्हतं. थैली तशी हलकी असायची, पण मास्तर ती दोन्ही हातांनी उचलत आणि हात थरथरत. पार्बता लगेच घ्यायची नाही. त्यांच्या हातांकडे पाहत क्षणभर उभी राहायची, मग घ्यायची. ती गेल्यावर मास्तर दारात थांबत. पलीकडून ती कधी हाक देत नसे. मुकाट चढून टोलीच्या वाटेला लागे.

पुढचा पावसाळा आला आणि मास्तरांनी डाक अडवायला सुरुवात केली. नदी जरा गढूळ दिसली की थैली बंद, आणि पार्बताचा मुक्काम काकूंकडे. आभाळ भरून आलं की थैली बंद. एकदा तर पाऊस नुसता लाखांदूरकडे दिसत होता, तरी बंद. दर वेळी कारण लिहून पाठवायचे. ‘नदीस पूर.’ वरून विचारणा येऊ लागली. टोलीचे लोक कुरकुरू लागले. कोणाचं नोकरीचं बोलावणं मुदत उलटून पोचलं. एका घरी मयतीचं कार्ड तेरवी उलटल्यावर मिळालं. ज्या माणसाच्या नोकरीत डाक कधी अडली नव्हती, त्याचं पोस्ट आता सगळ्या भागात अडण्यासाठी प्रसिद्ध झालं.

इन्स्पेक्टरसाहेब आले. चहा घेता घेता हळूच म्हणाले, ‘‘लांजेवार, टोलीचं पोस्ट बंद करावं लागेल असं दिसतं.’’

मास्तर ताठ झाले. ‘‘साहेब, कमाई पाहून पोस्ट काढाचं असतं तं नागपुरातच काढलं असतं ना. टोलीत कायले काढलं? जिथं कोणीच जात नाही तिथं जाण्यासाठीच तं सरकार लागते.’’

‘‘मला पटतं,’’ साहेब म्हणाले. ‘‘तोट्यात आहे म्हणून मी नाही म्हणत. तोट्यातली कितीतरी चालवतो आपण. पण तिथं डाक जातच नसेल, तर तिथं पोस्ट आहे असं वर मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि डाक कोण थांबवतं? नदी की तुम्ही?’’

साहेबांनी पावसाळाभर पाहतो असं सांगितलं आणि ते गेले.

टोलीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतरची ती दुपार. धानाचे रोवणे चालू होते, बांध्यांमध्ये बायका ओणव्या होत्या, पाऊस झिमझिम. पार्बता सकाळी टोलीची थैली घेऊन आली होती, दुपारी परत जायला पायरीवर आली. मास्तर नदीवरून आले. थैली कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

‘‘थैली द्या, मास्तर.’’

‘‘आज नाही जाणार डाक.’’

‘‘काहून?’’

‘‘पाणी चढून राहिलं.’’

‘‘त्याच पाण्यातून मी आली. येऊ शकतो तं जाऊ शकत नाही?’’

‘‘चढून राहिलं म्हणतो ना!’’ मास्तर ओरडले. मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं.

पार्बता आत आली. रनर कधी टेबलाच्या आतल्या बाजूला येत नसत. ती आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

‘‘तुम्ही मले नाही थांबवून राहिले. तुम्ही त्याले थांबवून राहिले. त्याले थांबवाचं होतं तवा थांबवलं नाही.’’

पोस्टमन बाहेर निघून गेला. मी तिथेच राहिले. मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. म्हणाले, ‘‘पार्बता, मी त्या दिवशी त्याले एक बोललो होतो. तो म्हणत होता उद्या नेतो. मी त्याले म्हणलो...’’

‘‘मालूम हाय मले.’’

मास्तरांनी खुर्चीची पाठ सोडली.

‘‘घाटावर ढोरं पाजाले लोक आले होते. त्याइले सांगून गेला तो. मास्तर म्हणते, ढिवर असून पाण्याले भेते. आता टोलीत थैली टाकूनच दाखवतो म्हणे. त्याच सांजेले मले कळलं.’’

‘‘मंग तू बोलली काहून नाही? माह्या तोंडावर थुकली असती...’’

‘‘बोलून काय होते? काम मागाले आली. तुमच्या हातून रोज थैली घेतली. देतानी तुमचा हात कापते. मले पाहाचं होतं कापते का नाही. पाहिलं. लय दिवस पाहिलं. आता नाही पाहावत. तिकडं पोस्ट बंद पडाची पाळी आली. माही लेकरं काय खातीन? या थैलीत कोणाच्या पोरीचं सासरहून कार्ड आलं असन, ते वाट पाहून राहिली असन तिची माय. तुमचं भेव तुमच्यापाशी ठेवा. थैली द्या.’’

मास्तरांनी कुलूप काढलं. थैली दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली. हात कापत होते, पण या वेळी तिने लगेच घेतली.

‘‘पार्बता,’’ ते म्हणाले, ‘‘आजपासून नदीवर तू मास्तर. जायचं का नाही ते तूच ठरव. मी विचारणार नाही.’’

ती निघाली. मी तिच्यामागे घाटापर्यंत गेले. मास्तर आले नाहीत, खुर्चीवरच बसून राहिले. घाटावर पार्बताने थैली डोंग्यात ठेवली, बांबू हातात घेतला आणि नदीकडे पाहू लागली. पाण्याचा रंग बदलला होता. वरच्या अंगाहून एक मोठा ओंडका आला, मधल्या धारेत गरकन फिरला आणि दिसेनासा झाला. ती बराच वेळ पाहत होती. मग बांबू खाली टाकला, थैली उचलली आणि पोस्टाकडे चालू लागली.

‘‘आज नाही जमत,’’ टेबलावर थैली ठेवत ती म्हणाली. ‘‘उद्या सकाळी नेतो.’’

मास्तरांनी थैलीवर डोकं टेकलं आणि ते रडले. पार्बता पायरीवर बसून पदर पिळत राहिली. तिने वळून पाहिलं नाही. ती त्या दिवशी काकूंकडे राहिली आणि सकाळी उतरलेल्या पाण्यातून डाक घेऊन गेली.

मास्तरांनी वर लिहून पाठवलं की पावसाळ्यात नदी ओलांडावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार रनरचा असावा, पोस्टमास्तरचा नसावा. नियमात अशी तरतूद नाही, असं उत्तर आलं. आमच्या पोस्टात मात्र तोच नियम झाला. इन्स्पेक्टरसाहेबांनी तो कधी पाहिला नाही, म्हणजे पाहून सोडून दिला. त्यानंतर डाक फार कमी वेळा अडली, कारण पार्बताला नदी कळत होती आणि मास्तरांना फक्त एक दिवस आठवत होता. टोलीचं पोस्ट राहिलं.

मास्तर काही बरे झाले नाहीत. हाक ऐकू येणं थांबलं नाही, अनवाणी नदीवर जाणंही. ते निवृत्त होऊन बपेऱ्याला आपल्या गावी गेले. मध्य प्रदेशची हद्द तिथून जवळच. माझं लग्न झालं, मी भंडाऱ्याला आले, मुलं झाली. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. काकूंचं कार्ड आलं, ‘हे आता माणूस ओळखत नाहीत, एकदा पाहून जा.’ मी टोलीच्या गुरुजींकरवी पार्बताला निरोप धाडला, नुसतं कळावं म्हणून. उलट निरोप आला, ‘मीही येतो.’ भंडाऱ्याच्या स्टँडवर ती माझ्याआधी येऊन बसली होती. केस पांढरे झाले होते. तुमसरला गाडी बदलून आम्ही बपेऱ्याला पोचलो तेव्हा दुपार होती.

मास्तर अंगणात बाजेवर पडले होते. हाडं तेवढी उरली होती. मला त्यांनी ओळखलं नाही. ‘‘थैली गेली का?’’ एवढंच विचारत होते, मला, काकूंना, शेजारच्या माणसाला. पार्बता फाटकापाशीच थांबली होती. मग जवळ आली. तिची सावली त्यांच्या तोंडावर पडली तसे ते उठायची धडपड करू लागले. तिच्या हाताचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

‘‘सुखदेव,’’ ते म्हणाले, ‘‘आज नको जाऊ रे. पाणी वाईट हाय. उद्या जा. मी लिहून देतो.’’

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, पार्बता हात सोडवून घेईल. ती बाजेच्या कडेला बसली.

‘‘बरं, मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘नाही जात.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. इथंच बसतो.’’

त्यांची पकड सुटेपर्यंत ती बसून राहिली. त्यांना झोप लागली. त्यानंतर मास्तर फार दिवस राहिले नाहीत, आणि जे राहिले त्यात त्यांनी थैलीचं विचारलं नाही, असं काकूंनी मला पुढे सांगितलं.

परतीच्या गाडीत पार्बता खिडकीशी बसली होती. तुमसर जवळ आलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘‘तुम्हाले वाटलं असन मी माफ केलं.’’

मी तिच्याकडे वळले.

‘‘नाही केलं. माह्या घरच्यासारखं बोलाव म्हणलं, तसा त्याचा आवाज याद कराले लागली. आठवलाच नाही, बाई. लेकराइले तं नाहीच आठवत, आता मलेही नाही आठवत. नदीत तो गेला तवा मले वाटलं होतं, आवाज तं राहीन.’’ तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. ‘‘म्हणून माह्याच आवाजात बोलली.’’